कपांवर वाजलेला पाऊस

शाळेच्या स्नेहसंमेलनात पाऊस पाडायचा असला, तर सुपात ज्वारी घोळवावी. सरींचा आवाज बऱ्यापैकी येतो. पण सर कोसळण्यापूर्वी जे चार-दोन टपोरे थेंब पडतात, त्यांचे काय? तिथे सूप उपयोगी पडत नाही.

१९५७-५८ च्या हिवाळ्यात नेमका हाच प्रश्न इंग्लंडमधील एका नामवंत संगीतकारापुढे उभा होता. बेंजामिन ब्रिटन (१९१३-१९७६) तेव्हा मुलांसाठी ‘नोईज फ्लड’ ही संगीतिका रचत होते. कथा बायबलमधील नोहाची. महापूर येणार, म्हणून तो तारू बांधतो आणि प्राण्यांच्या जोड्या त्यात चढवतो. आपल्याकडच्या मनूच्या गोष्टीची आठवण व्हावी अशीच ती आहे.

संहिता मात्र ब्रिटन यांनी नव्याने लिहवून घेतली नाही. चेस्टर गावात १५७५ पर्यंत कारागिरांचे संघ बायबलमधील प्रसंग गाड्यांवर उभे राहून रस्तोरस्ती सादर करीत. त्यातलेच हे एक नाटक. महापुराचा हा प्रसंग कोणाकडे होता? डी नदीचे पाणी घरोघर पोहोचवणाऱ्यांकडे! या पाणक्यांना खरे प्राणी आणणे शक्य नव्हते आणि सोंगे घ्यायला माणसेही पुरेशी नसावीत. जुन्या संहितेतील रंगसूचना सांगते, की तारवाला चहूबाजूंनी फळ्या ठोकाव्यात आणि ज्या प्राण्यांची नावे घेतली जातात, ते या फळ्यांवर रंगवलेले असावेत. रंग आणि फळ्या एवढ्यात सगळे प्राणिसंग्रहालय उभे राहिले.

ब्रिटन यांच्याकडे माणसांचा तुटवडा नव्हता, मुलांची फौजच होती. म्हणून फळ्यांवरचे प्राणी खाली उतरले. एकेका मुलाच्या डोक्यावर एकेका प्राण्याचे मुखवटेवजा शिरोभूषण आले. अंगभर सोंग नाही, डोक्यापुरतेच. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा होता. अंगभर सोंगात मूल गुदमरते, त्याला गाता येत नाही, आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

वाद्यवृंदातही हाच विचार दिसतो. मोजके व्यावसायिक वादक सोडले, तर बाकी सारी मुलेच. व्हायोलिनचे तीन गट होते आणि तिसऱ्या गटाला बोटे न दाबता मोकळ्या तारांवरच वाजवायचे असे. कालपरवा शिकायला लागलेल्या मुलालाही जागा होती.

पावसाचे थेंब तेवढे अडले होते. ते सोडवले इमोजेन होल्स्ट यांनी. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची ही मुलगी १९५२ पासून ब्रिटन यांच्यासोबत काम करीत होती. (त्याआधी, १९५०-५१ च्या हिवाळ्यात, त्या दोन महिने शांतिनिकेतनात राहून गेल्या होत्या.) युद्धकाळात त्यांनी खेड्यापाड्यांतील महिला मंडळांना तालवाद्ये शिकवली होती. त्या ब्रिटन यांना आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, चिनी मातीचे कप दोरीला ओळीने टांगले आणि मोठ्या लाकडी चमच्याने वाजवून दाखवले. थेंब सापडले! छापील स्वरलिपीतही हे ‘टांगलेले कप’ रीतसर वाद्य म्हणून आले. वेगवेगळ्या आकाराचे आणि जाडीचे कप निवडावेत, म्हणजे एक प्रकारचे सप्तक तयार होईल, अशी सूचना आहे.

आकार आणि जाडी या दोन शब्दांत बरेच विज्ञान आहे. कपावर आघात केला, की त्याची कड गोल राहत नाही. ती क्षणात एका दिशेने लांबट होते, क्षणात तिच्या काटकोनात. ही कंपने किती वेगाने होतात, हे ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरते. भिंत जाड असेल, तर कड जास्त ताठ होते आणि स्वर चढतो. तोंड रुंद असेल, तर स्वर उतरतो, आणि तोही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वारंवारता साधारण चौथाईवर येते. माठ घेताना आपण टिचकी मारतो तेही ही कंपने ऐकण्यासाठीच. तडा गेलेला माठ ‘बद्द’ वाजतो, कारण तड्याच्या कडा एकमेकींवर घासून ऊर्जा खाऊन टाकतात.

आपल्या जलतरंगात स्वर लावण्याची आणखी एक सोय आहे. भांड्यात पाणी घातले, की भिंतीबरोबर पाणीही हलवावे लागते, ओझे वाढते आणि स्वर उतरतो. टांगलेल्या कपात पाणी राहणार कसे? म्हणून तिथे निवड हाच एक मार्ग.

कपाचा कानही गंमत करतो. मधल्या सुटीत चहाचा कप घ्या. चमच्याने आधी कानाच्या बरोबर समोर कडेवर हलकेच वाजवा, मग कान आणि ती जागा यांच्या अगदी मधोमध, आणि नंतर या दोन जागांच्या मध्ये, म्हणजे ४५ अंशांवर. पहिले दोन स्वर सारखे येतील, तिसरा किंचित चढा. पहिल्या दोन वेळी कानाचे वजन कडेला वाहून न्यावे लागते. तिसऱ्या वेळी कान कड न हलणाऱ्या जागी येतो.

आपल्या संमेलनांत स्वस्त साहित्य म्हणजे बहुधा महागाची नक्कल असते. थर्मोकोलचा राजवाडा हा त्याचा नमुना. (२०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, याचे मला मुळीच दुःख झाले नाही.) ते कप मात्र कशाचीही नक्कल नव्हते. चिनी मातीचा स्वर चटकन विरतो आणि काटेकोर सुरातही नसतो. थेंबाला हवे होते ते हेच. महागडे वाद्य त्या जागी फार सुरेल झाले असते.

१८ जून १९५८ रोजी ऑरफर्डच्या चर्चमध्ये पहिला प्रयोग झाला. वादळाची सुरुवात पियानो आणि कपांच्या थेंबांनी होते. मग वारा, लाटा आणि गडगडाट एकेक करून चढत जातात आणि ऐन वादळात सारे चर्च प्रार्थना गाऊ लागते. पूर ओसरू लागतो तसा आवाज विरळ होत जातो आणि शेवटी पुन्हा ते कप, एकेक थेंब सोडत, ऐकू येतात.