नौकाशर्यत व प्राप्तिकर

शर्यतीसाठी शिडाची नौका बाळगणे हा प्राप्तिकराच्या दृष्टीने व्यवसाय की छंद, यासंबंधीचा वादविषय. व्यवसायातील तोटा मालकाच्या अन्य उत्पन्नातून वजा होऊ शकतो. छंदातील होत नाही. शिडे, दोर, दुरुस्ती, विमा व घसारा यांपायी अशा नौकेवर मोठा खर्च होतो. उलट क्लबांच्या शर्यतींत बहुधा केवळ चषक मिळतो. हा खर्च सरसकट व्यवसायाचा मानल्यास धनिकांच्या करमणुकीचा भार इतर करदात्यांवर पडतो. तर तोट्यातील प्रत्येक उद्योग छंद ठरविल्यास खऱ्या उद्योजकावर अन्याय होतो. अमेरिकेच्या करविधीचा यासंबंधीचा इतिहास बोधप्रद आहे.

तेथे प्राप्तिकर १९१३ मध्ये लागू झाला. प्रारंभीचे वाद मुख्यतः धनिकांच्या शेतवाड्या व शर्यतीच्या घोड्यांच्या पागा यांविषयी होते. १९४३ च्या महसूल अधिनियमाने सलग पाच वर्षे दरसाल ५०,००० डॉलरांहून अधिक तोटा झाल्यास वजावटीवर मर्यादा घातली. तथापि एखाद्या वर्षी तोटा कमी दाखवून ती टाळता येई. म्हणून १९६९ च्या करसुधारणा अधिनियमाने अंतर्गत महसूल संहितेत कलम १८३ समाविष्ट करून नफ्याचा हेतू ही कसोटी ठरविली. पाचांपैकी दोन वर्षी (१९८६ च्या अधिनियमानुसार तीन वर्षी) नफा झाल्यास हा हेतू गृहीत धरला जातो. शासनास मात्र ते गृहीत खोडून काढता येते.

१९७२ च्या नियमांत नऊ गमके दिली आहेत : हिशेबाची व कारभाराची पद्धत, तज्ज्ञता, वेळ व श्रम, मालमत्तेच्या मूल्यवाढीची अपेक्षा, अन्य उद्योगांतील यश, नफातोट्याचा पूर्वेतिहास, क्वचित होणाऱ्या नफ्याचे प्रमाण, करदात्याची सांपत्तिक स्थिती आणि सुखोपभोगाचा अंश. यांपैकी कोणतेही एकटे निर्णायक नाही. करदात्याच्या कथनापेक्षा वस्तुस्थितीला अधिक महत्त्व असते. नौकेची किंमत सामान्यतः घटत जाते आणि सुकाणू बहुधा मालकाच्याच हाती असते. त्यामुळे केवळ शर्यती खेळणाऱ्याची बाजू दुबळी ठरते. नौका नियमित भाड्याने देणे, पृथक् हिशेब ठेवणे व तोटा होताच पद्धत बदलणे या गोष्टी व्यवसायाच्या बाजूने जातात. ग्राहकांच्या आदरातिथ्यासाठी नौका ठेवल्याची सबबही १९७८ च्या महसूल अधिनियमाने बहुतांशी निरुपयोगी ठरविली.

१९६९ च्या तरतुदीनुसार छंदाचा खर्च निदान त्याच छंदाच्या उत्पन्नापुरता वजा करता येई. २०१७ च्या कायद्याने ही सवलत व्यक्तींसाठी २०१८ पासून स्थगित केली व २०२५ च्या कायद्याने ती स्थगिती कायम केली. छंदाचे उत्पन्न मात्र करपात्रच राहिले. परिणामी व्यवसाय व छंद यांतील सीमारेषेला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.