मोहाच्या फुलाचा परदेशप्रवास

एखादें पेय परदेशाच्या बाजारांत उतरवावयाचें, तर त्याची चव तेथील लोकांच्या जिभेस पटली कीं काम झालें, असें सामान्यतः समजलें जातें. इतिहासाची साक्ष निराळी आहे. पेयाला बाजार मिळतो तो बव्हंशीं कायद्यानें व नांवानें. उत्तर कोंकणांतील मोहाचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

तलासरी तालुक्यांतील वेवजी हें गांव गुजराथच्या सीमेस लागून आहे. या टापूंत वारली लोकांची वस्ती मोठी. उन्हाळ्याच्या तोंडीं पहाटे गळणारीं मोहाचीं मांसल फुलें वेंचावयाचीं, वाळवावयाचीं, टंचाईंत तींच खावयाचीं, आणि कांहीं आंबवून त्यांची दारू गाळावयाची, हा रानांतील लोकांचा जुना परिपाठ होय.

१८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें हा परिपाठ गुन्हा ठरला. दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेला. परंतु झाडें रानांतच उभीं होतीं. तेव्हां १८९२ सालीं खुद्द फुलांवरच कायदा करण्यांत आला, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत त्यांचा संग्रह व विक्री यांवर निर्बंध पडले. वेवजीचा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता. नीतिरक्षणाचें कारण पुढें केलें गेलें. सरकारी उत्पन्नाचें रक्षणही त्यांतच साधलें.

आतां याच काळांतील दुसरी बाजू पाहूं. फ्रान्समधील द्राक्षमळे फायलोक्झेरा नांवाच्या किडीनें उद्ध्वस्त होत होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या त्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतील मोहाचीं फुलें दारू गाळण्यासाठीं फ्रान्सला जात होतीं. म्हणजे जहाजांत चढलेलें फूल व्यापाराचा माल, आणि वारल्याच्या झोंपडींत सांपडलेलें फूल गुन्ह्याचा पुरावा!

असेंच व्हावयास पाहिजे होतें असें नाहीं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतही चोरून दारू गाळण्याचा प्रघात होता. तेथें १८२३ च्या कायद्यानें दहा पौंडांचा परवाना व माफक कर ठेवला. चोरट्या भट्ट्या हळूहळू उजेडांत आल्या आणि त्यांतून जगभर पसरलेला व्हिस्कीचा धंदा उभा राहिला. गोव्याच्या काजूफेणीस २००९ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें, तेव्हां तिच्या नांवाला तिच्या भूमीचें संरक्षण लाभलें.

मोहाचीही पहाट होत आहे, असें दिसतें. २०२१ सालीं छत्तीसगडमधून सुकविलेलीं फुलें समुद्रमार्गें फ्रान्सला गेलीं. त्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें फुलांवरील निर्बंध सैल केले. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजनें २०२४ सालीं ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ या नांवानें मोहाचें मद्य बाजारांत आणिलें. ज्या टापूंत हें पेय चोरून गाळावें लागे, तेथेंच तें सुंदर बाटलींत भरलें जात आहे.

मद्यपान इष्ट कीं अनिष्ट, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. आमचा प्रश्न हिशेबाचा आहे. परदेशांत मोहाला मोल येईल, तेव्हां त्यांतील किती अंश फुलें वेंचणाऱ्या हातीं पडेल? स्कॉटलंडांत परवाना मिळविणें गाळणाऱ्यांस शक्य झालें. आमच्याकडे तो मक्तेदारास मिळाला आणि गाळणाऱ्यास खटला. नव्या बाजाराचे नियम लिहितांना फुलांचा वाजवी भाव, वेंचणाऱ्यांच्या सहकारी संस्था आणि पेयाच्या नांवावरील त्यांचा हक्क या तीन गोष्टी आधीं ठरल्या पाहिजेत. बाजार एकदां मांडला गेला, म्हणजे त्या मागावयास फार उशीर झालेला असतो.