बारा शब्दांची कुळकथा

डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या डॅनियल मॅकडोनाल्ड यांनी एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केलं. इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या 'आरएफसी' मालिकेतला त्याचा क्रमांक १७५१. प्रश्न असा होता, की १२८ बिटांची गुप्त किल्ली माणसाला वाचता येईल, लिहिता येईल आणि न चुकता टाइप करता येईल अशी कशी मांडायची? मॅकडोनाल्ड यांचं उत्तर सोपं होतं. २०४८ छोट्या इंग्रजी शब्दांची यादी घ्या आणि किल्लीचे बारा शब्द करा. टिपणात एक नमुना किल्लीही आहे. तिचे शब्द 'रॅश, बुश, मिल्क, लुक' असे सुरू होतात आणि 'लव्ह'वर संपतात.

ज्यांनी कधी बिटकॉइनचं वॉलेट उघडलंय, ते हे वाचून माझ्यासारखेच थबकतील. नवं वॉलेट पहिल्यांदा काय करतं, तर बारा शब्द दाखवतं आणि ते कागदावर उतरवून घ्यायला बजावतं. फोन हरवो, फुटो किंवा चोरीला जावो, याच बारा शब्दांतून सगळं परत मिळतं. ही रिकव्हरी फ्रेज म्हणजे क्रिप्टोवाल्यांनीच लावलेला शोध, असं सर्रास सांगितलं जातं. प्रागच्या सतोशीलॅब्जचे मारेक पालाटिनुस आणि पावोल रुस्नाक यांनी ॲरन व्हॉइसीन आणि शॉन बो यांच्या साथीनं २०१३ मध्ये तिचा नियम लिहिला. 'बीआयपी-३९' हे त्याचं नाव. त्यातही यादी २०४८ शब्दांची, किल्ली किमान १२८ बिटांची आणि तेवढ्या किल्लीचे शब्द बाराच. नौदलातलं ते टिपण याच्या जवळपास १९ वर्षं आधीचं!

एवढ्यावर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण हिशोब मांडला की योगायोगाची जागा आक्रसत जाते. २०४८ म्हणजे २ चा अकरावा घात, म्हणून यादीतला प्रत्येक शब्द ११ बिट वाहून नेतो. बारा शब्दांत १३२ बिट मावतात आणि किल्ली तर १२८ चीच. उरलेल्या चार बिटांचं काय? मॅकडोनाल्ड यांच्या पद्धतीत किल्लीचे ६४-६४ बिटांचे दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यातल्या बिटांच्या जोड्यांची बेरीज करून तिचे शेवटचे दोन बिट त्यालाच जोडायचे. ६६ बिट झाले, म्हणजे नेमके सहा शब्द. बीआयपी-३९ मध्ये बेरजेऐवजी एसएचए-२५६ हे हॅश-गणित येतं आणि त्याच्या निकालातले पहिले चार बिट किल्लीच्या शेपटीला लागतात. रीत वेगळी, प्रमाण तेच: दर ३२ बिटांमागे पडताळणीचा एक बिट. यादीतले कुठलेही बारा शब्द उचलून टाकले तर ते खरे म्हणून खपण्याची शक्यता दोन्हीकडे सोळात एक.

मॅकडोनाल्ड यांची यादी आणि पद्धत 'एस-की'मधून आली होती. एस-की ही न्यू जर्सीतल्या बेलकोर कंपनीत नील हॅलर, फिल कार्न आणि जॉन वॉल्डन यांनी घडवलेली, एकदाच वापरायच्या पासवर्डची व्यवस्था. मूळ कल्पना लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९८१ च्या लेखातली. एका गुपितावर पुन्हा पुन्हा हॅश, म्हणजे उलटं न फिरवता येणारं गणित, चालवून साखळी बनवायची आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे वापरत जायची. तारेवर कान लावून बसलेल्या चोराला वापरलेला पासवर्ड मिळाला, तरी त्यावरून पुढचा काढता येत नाही. प्रवासाला निघालेला माणूस अशा पासवर्डची यादी छापून खिशात ठेवी. प्रत्येक ओळीत सहा छोटे शब्द. एक ओळ वापरली की तिच्यावर काट. आज जीमेलचं खातं सुरक्षित करताना आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते याच खिशातल्या कागदाचे वारस आहेत.

विंडोजच्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की यांची चुलत बहीण. तिथे शब्द नाहीत, पण सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत आणि प्रत्येक गटाला ११ नं नि:शेष भाग जातो. भागाकारातून प्रत्येकी १६ बिट निघतात. आठ गटांचे पुन्हा १२८. एक आकडा चुकला की भाग जात नाही आणि चूक कुठल्या गटात आहे ते तिथल्या तिथे कळतं. ज्यांच्या लॅपटॉपनं एखाद्या सकाळी निळ्या पडद्यावर ही की मागितली असेल, त्यांनी तो कागद काढून एका गटाला ११ नं भागून बघावंच.

एस-कीची यादी आज वाचायला मौजेची आहे. शब्द जास्तीत जास्त चार अक्षरांचा हवा ही अट होती, कारण कागदावरून बघून टाइप करायचं होतं. पहिले ५७१ शब्द तीन किंवा त्याहून कमी अक्षरांचे आणि बाकी सगळे चार अक्षरांचे. एवढे छोटे शब्द पुरे पडेनात तेव्हा 'एब', 'एडा' अशी माणसांची नावंही भरती केली. तोटा असा, की 'बँड'चं एक अक्षर चुकलं तर 'बँक' होतो, नाहीतर 'बँग' होतो, आणि तिन्ही यादीत आहेत. बीआयपी-३९ नं हा दोष कमी करायचा प्रयत्न केला. तिथे कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, आणि 'बिल्ड-बिल्ट', 'वुमन-विमेन' अशा फसव्या जोड्या टाळल्या आहेत. आधीच्या पिढीचं दुखणं ओळखून केलेली ही दुरुस्ती मला वंशाचा पुरावा वाटते.

आता प्रतिपक्ष. पॅट्रिक युओला आणि फिल झिमरमन यांची १९९५ ची पीजीपी शब्दसूची काही जण बीआयपी-३९ ची पूर्वज म्हणून पुढे करतात. तिच्यात २५६ शब्द दोन उच्चारखंडांचे आणि २५६ तीन उच्चारखंडांचे. ते आलटून पालटून येतात, त्यामुळे मधला शब्द गळला तर ऐकणाऱ्याला लगेच उमगतं. रचना देखणी आहे यात वाद नाही. पण ती फोनवर किल्लीची ओळख पटवण्यासाठी होती, हरवलेलं परत मिळवण्यासाठी नव्हे. शिवाय १२८ बिटांना तिथे सोळा शब्द लागतात. त्याच वर्षीची आर्नल्ड राइनहोल्ड यांची डाइसवेअर यादी ७७७६ शब्दांची, कारण पाच वेळा फासा टाकून एक शब्द निवडायचा. तिथे आकड्याचे शब्द होत नाहीत, निवडलेले शब्दच पासवर्ड असतात. ही दोन्ही कुळं वेगळी.

खरा तगडा दावेदार इलेक्ट्रम. टोमास व्होगटलिन यांचं हे वॉलेट २०११ चं, म्हणजे बीआयपी-३९ च्या दोन वर्षं आधीचं, आणि त्यातही बाराच शब्द! त्यांची यादी आली होती समकालीन इंग्रजी कवितेतून. विक्शनरीवर कवितांमध्ये जास्तीत जास्त येणाऱ्या शब्दांची एक क्रमवारी आहे, तीच उचलली. म्हणून ती 'लाइक, जस्ट, लव्ह, नो, नेव्हर' अशी सुरू होते, आणि पैशाच्या किल्लीत 'हार्ट' येतो, 'स्टिल' येतो.

पण यादी १६२६ शब्दांची का? हा विचित्र आकडा मी बराच वेळ घोळवत होतो; उलगडा घन काढल्यावर झाला. इलेक्ट्रम तेव्हा ३२ बिटांचे तीन शब्द करी. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे बसतात. १६२५ चा घन ४,२९,१०,१५,६२५, थोडक्यात हुकला. १६२६ चा घन ४,२९,८९,४२,३७६; पुरला. एकही शब्द फाजील नाही. काटकसरीचा याहून नेटका नमुना मला या विषयात दुसरा दिसला नाही.

इथेच माझ्या सिद्धांताला खरं आव्हान मिळतं. कुणी म्हणेल, इलेक्ट्रमचे तीन शब्द घ्या, प्रत्येकाला पुरते ११ बिट द्या, ३३ झाले. ३२ किल्लीचे आणि एक पडताळणीचा. बीआयपी-३९ आपोआप तयार! नौदलापर्यंत जायची गरज काय? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि निम्मा तो मला मान्यही आहे. शब्दांतून अख्खी तिजोरी परत उभी करायची ही चाल आणि तीन शब्दांचा सांगाडा इलेक्ट्रमचाच. आईचा मान तिचा. पण इलेक्ट्रमच्या त्या जुन्या यादीत पडताळणी मुळीच नव्हती. काटकसरीत ती बसणारच नव्हती. पडताळणीसाठी यादी मुद्दाम फुगवायची, ती बरोबर २०४८ वर नेऊन ठेवायची आणि दर ३२ मागे एक बिट राखायचा, हे सगळं एकत्र फक्त एस-कीच्या घराण्यात दिसतं. बीआयपी-३९ च्या मजकुरात आरएफसी १७५१ चा उल्लेख नाही, हे खरं. पण एस-की ही युनिक्सच्या जगातली ओळखीची वस्तू. ओपनबीएसडीसारख्या प्रणालींत ती सोबतच येई. ज्या प्रोग्रामरांच्या हाताखालून ती यादी गेली, त्यांना २०४८ हा आकडा नव्यानं शोधावा लागला असेल असं मला वाटत नाही. इलेक्ट्रम आई, एस-की आजी, हा माझा निवाडा.

आजीनं दिलेले ते चार बिट किती कामाचे आहेत ते कागद भिजल्यावर कळतं. बारातला एक शब्द वाचता येईनासा झाला, पण जागा माहीत आहे, असं समजा. २०४८ शब्द लावून बघायचे, तर पडताळणीतून सुमारे १२८ च पार होतात. तो शब्द शेवटचा असेल तर नेमके १२८. प्रत्येकातून निघणारा वॉलेटचा पत्ता काढून तो आपल्या पत्त्याशी जुळतो का ते बघायचं. साध्या लॅपटॉपला हे काही मिनिटांचं काम. चोवीस शब्दांच्या फ्रेजमध्ये पडताळणी आठ बिटांची असते, म्हणून तिथे एका हरवलेल्या शब्दाला जेमतेम आठ उमेदवार उरतात. दोन शब्द गेले तर बाराच्या फ्रेजमध्ये २,६२,१४४ उमेदवार; तेही आवाक्यात. चार गेले तर आकडा एक लाख कोटींच्या पुढे जातो. जून २०२० मध्ये जॉन कँट्रेल यांनी एका जाहीर स्पर्धेत हेही करून दाखवलं. आठ शब्द माहीत असताना त्यांनी भाड्याच्या ग्राफिक्स कार्डांवर सुमारे ३० तासांत एक लाख कोटींहून जास्त जुळण्या तपासल्या आणि एक बिटकॉइन जिंकला. बाराही शब्द गेले तर मात्र जगातली सगळी यंत्रं जुंपूनही उपयोग नाही.

शब्द आहेत पण क्रम विस्कटला, तर १२ शब्दांच्या ४७,९०,०१,६०० मांडण्या होतात. पडताळणी त्यांतल्या तीन कोटींच्या आतबाहेर ठेवते. या टप्प्यावर मला आपल्या देवगिरीची आठवण होते. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर'मध्ये सात स्वरांच्या ५०४० मांडण्यांचा विचार केला. कितवी मांडणी ते सांगा, मी स्वर सांगतो. स्वर सांगा, मी क्रमांक सांगतो, अशी ती रीत आहे. पहिलीला 'नष्ट' म्हणत, दुसरीला 'उद्दिष्ट'. खंडमेरू नावाचा आकड्यांचा तक्ता मांडून त्यावर खडे ठेवत उत्तर काढायचं.

ही रीत शार्ङ्गदेवाआधी छंदशास्त्रात होती, पिंगलाच्या सूत्रांत. तीन अक्षरी गणांतला सहावा कोणता? सहा सम आहे: लघु लिहा आणि निम्मे करा, तीन. तीन विषम आहे: गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा, दोन. दोन सम: लघु. लघु-गुरु-लघु, म्हणजे ज गण. आकड्याचं द्विमान रूप काढायची ही कृती वॉलेट बारा शब्द बनवताना करतं तिच्याशी मिळतीजुळती आहे. यावरून काही उत्साही मंडळी रिकव्हरी फ्रेजचं मूळच पिंगलाकडे नेतात. मला ते पटत नाही. बेलकोरच्या यादीत पिंगलाचा मागमूस नाही, आणि पिंगलाच्या रीतीत पडताळणीचा बिट नाही. तरीही, आकडा द्या आणि हरवलेली रचना परत मिळवा, हे काम ज्यांनी सगळ्यात आधी चोख केलं त्यांना या कुळकथेत वडीलधाऱ्यांची जागा द्यायला हवी.

बीआयपी-३९ च्या याद्या आज इंग्रजीशिवाय जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज आणि दोन प्रकारच्या चिनी लिपींत आहेत. मराठीची नाही, एकाही भारतीय भाषेची नाही. ती करणं हे नुसतं शब्द निवडण्याचं काम नाही. वॉलेट लिहिलेल्या शब्दांवरच २०४८ फेऱ्यांचं हॅश-गणित चालवून बीज काढतं, म्हणून एका वेलांटीच्या फरकानं तिजोरी बदलते. 'दऱ्या'मधला रफारासारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा 'ऱ' वापरून आणि एकदा 'र'पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आणि बीआयपी-३९ मध्ये सांगितलेलं युनिकोडचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच. तेव्हा असे शब्द गाळून, पहिल्या दोन अक्षरांतच वेगळे ओळखू येतील असे २०४८ रोजच्या वापरातले मराठी शब्द कोशकार आणि प्रोग्रामर यांनी एकत्र बसून निवडावेत. काम नेमकं आहे, नियम लिहिलेले आहेत, आणि यादी छापली तर पुस्तिकेच्या काही पानांत मावेल.