एक बाक, दोन वाचक : पियानो-सहवादनाच्या अध्यापनपरंपरेविषयी

पियानोवरील सहवादनाचा इतिहास बहुधा रचनाकारांच्या नामावलीतून सांगितला जातो. ही कला एका पिढीकडून दुसरीकडे कशी गेली, हा प्रश्न त्यात दुय्यम ठरतो. वस्तुतः या प्रकारात गुरू आणि शिष्य संहितेबाहेर उभे नसतात. अनेकदा तिचे दोन भाग त्या दोघांसाठीच लिहिलेले असतात. तरीही शिकवण्याचा गाभा संहितेबाहेरच राहतो. या विसंगतीचा येथे विचार करावयाचा आहे.

सहवादनाचे दोन प्रकार आहेत : एकाच पियानोवर चार हातांचे वादन आणि दोन पियानोंवरील वादन. पहिल्या प्रकारात अध्यापनाचे नाते अधिक उघडपणे दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हायडनच्या एका रचनेचे नावच ‘गुरू आणि शिष्य’ या अर्थाचे आहे. खालच्या पट्टीत गुरू एक वाक्य वाजवतो, वरच्या पट्टीत शिष्य त्याची पुनरुक्ती करतो. आंतोन दियाबेल्ली (१७८१–१८५८) याने आपल्या अठ्ठावीस सरावरचनांत शिष्याचा हात पाच स्वरांच्या आवाक्यात स्थिर ठेवला आणि स्वरसंवादाचा सारा भार गुरूकडे सोपवला. नवशिका पहिल्याच दिवशी पूर्ण संगीताच्या आत बसतो, हे या योजनेचे मर्म होय.

परंतु हे नाते नेहमीच उतरंडीचे नव्हते. मोझार्टने १७८१ मध्ये योझेफा आउर्नहामर या आपल्या शिष्येसह वाजवण्यासाठी दोन पियानोंचा सोनाटा रचला, त्यात दोन्ही भाग समान तोलाचे आहेत. शूबर्ट १८१८ आणि १८२४ मध्ये एस्टरहाझी घराण्यातील मुलींचा संगीतशिक्षक म्हणून झेलिझ येथे राहिला. त्याने १८२८ मध्ये रचलेली एफ मायनरमधील चार हातांची ‘फँटसी’ त्यांपैकीच कारोलिनेला अर्पण केलेली आहे.

आता छापील पानाकडे पाहू. चार हातांच्या पारंपरिक मुद्रणात खालच्या वादकाचा भाग डाव्या पानावर, तर वरच्याचा उजव्या पानावर असतो. म्हणजे एकाच कृतीचे दोन वाचक दोन निरनिराळी पाने वाचत असतात. सोबत्याचे पान डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचावे लागते. पेडल सामान्यतः खालचा वादक सांभाळतो. म्हणून वरच्याची सुरावट ऐकून त्याला पाय उचलावा लागतो. आरंभीचा श्वास कोणी घ्यायचा, एकच पट्टी दोघांना हवी असेल तेव्हा कोणाचा हात आधी निघायचा, यांविषयी स्वरलेखन बहुतांशी मौन पाळते. ते मौन भरून काढण्याचे ज्ञान अनुभवी सहवादकाकडे असते आणि ते शेजारी बसूनच मिळते. जुगलबंदीत दोन वाद्यांचे दोन स्वभाव उमटतात; येथे दोघांनी मिळून एका वाद्याचा स्वभाव घडवावयाचा असतो.

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाल्यावर सिंफनी घरी ऐकण्यासाठी तिच्या चार हातांच्या रूपांतराची गरज उरली नाही. दिवाणखान्यातील या वाचनसंस्कृतीकडे आडोर्नोने १९३३ मधील एका लघुनिबंधात मागे वळून पाहिले आहे. यानंतर ही विद्या संगीतसंस्थांच्या आश्रयाला गेली. पत्नी विट्या व्ह्रोन्स्कीसह जोडवादन करणारे व्हिक्टर बाबिन १९६१ पासून १९७२ मधील मृत्यूपर्यंत क्लीव्हलंडच्या संगीतसंस्थेचे संचालक होते.

मेसियाँचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. १९४३ मध्ये ‘आमेनची दर्शने’ ही दोन पियानोंची रचना करताना त्याने लयीची बिकट गुंतागुंत आणि वेगवान वादन आपली शिष्या इव्हॉन लोरिओ हिच्याकडे दिले, तर मुख्य सुरावट स्वतःकडे ठेवली. दियाबेल्लीची वाटणी येथे उलटली. पुढे काट्या आणि मारिएल लाबेक या भगिनींनी हीच रचना मेसियाँच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिमुद्रित केली. बाकावरचा सहवादक आता ऐकणारा झाला होता. पण छापील स्वरलेखन हाती असतानाही त्याचे सान्निध्य आवश्यक वाटले.

संहितेचा संक्रमणमार्ग शोधताना आपण हस्तलिखिते, आवृत्त्या आणि भाषांतरे पाहतो. दोन माणसांनी एकत्र बसून केलेले वाचन मात्र त्या साधनांत क्वचितच उरते. पियानो-सहवादनाचा इतिहास या उणिवेची जाणीव करून देतो : पाने जपली गेली, तरी ती वाचण्याची रीत माणसांसोबत नष्ट होऊ शकते.