तळटीप : गोड्या पाण्याचा तंटा
१४. संग्रामपूर हे पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले. विहिरीचे पाणी जिभेला लागताच खारट. गोड्या पाण्यावरून तंटे होणे समजण्याजोगे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात मुलांचे दोन गट चुरशीला लावले आणि वैर पेटले. पुढे टाकीच्या तोटीत गोणपाट कोंबून पाणी तोडले, तेव्हा तीच मुले बिघाड शोधायला एकत्र आली. पण पाण्यावरून पाळला जाणारा जातिभेद टंचाईने उलगडत नाही. महाडच्या चवदार तळ्यात पाण्याची वाण नव्हती. तरी मार्च १९२७ च्या सत्याग्रहात अस्पृश्यांनी तिथले पाणी प्याल्यावर ते तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ केले गेले. इथे मला दुसरे मानसशास्त्रज्ञ, हेन्री ताजफेल, अधिक पटतात. त्यांच्या १९७१ च्या प्रयोगात मुलांनी आपल्याच गटाचे पैसे घटू दिले, मात्र दुसऱ्या गटाला त्याहून कमीच मिळतील असे पाहिले.