घोडेगावची एक मात्रा

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा येतो, तिथे घोडेगाव लागते. तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. दर शुक्रवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि तो ओळखला जातो म्हशींसाठी. एरवी गावाचा राबता कांद्याच्या लिलावावर आणि शिंगणापूरच्या भाविकांवर चालतो. मी शुक्रवारीच गेलो होतो. बाजारभर म्हशीच म्हशी, घोडा दृष्टीला पडला नाही. मग गावाच्या नावात तो आला कुठून?

चौकशी केली तर उत्तर लगेच मिळते. गावची देवी घोडेश्वरी, तिच्यावरून घोडेगाव. मीही मान डोलावून निघालो होतो. परतीच्या गाडीत वहीत दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली आणि ‘डे’वरच्या मात्रेपाशी थांबलो. दोन्ही नावांत ती सारखीच दिसते, पण दोन्हीकडे ती वेगवेगळ्या वाटेने आली आहे.

देवीच्या नावातली मात्रा संधीची आहे. रमा आणि ईश मिळून रमेश, तसे घोडा आणि ईश्वरी मिळून घोडेश्वरी. ती मात्रा ‘ईश्वरी’तल्या ईकाराची आहे, घोड्याची नव्हे. गावाच्या नावात मात्र पुढे ‘गाव’ आहे, तिथे संधीला जागाच नाही. ती मात्रा घोड्याची स्वतःची आहे: एक घोडा, अनेक घोडे. आंब्यांचे आंबेगाव होते, तसे घोड्यांचे घोडेगाव. तळेगावातले ‘तळे’ एकवचनी आहे, पण तो शब्द मुळातच एकारान्त आहे, म्हणून त्याची गोष्ट वेगळी.

देवी आधी की गाव आधी, हा वाद महाराष्ट्रात दोन्ही बाजूंनी सुटतो. मुंबादेवीवरून मुंबई झाली, तिथे देवी आधी. पण आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात, मोहटे गावावरून मोहटादेवी झाली, तिथे गाव आधी. घोडेश्वरी मोहट्याच्या रांगेत बसते, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या जुन्या ग्रामदेवता यमाई, फिरंगाई, काळूबाई अशा ‘आई’-‘बाई’ लावून येतात. संस्कृत संधी होऊन आलेले ‘ईश्वरी’ हे पुढच्या काळातले, मानाचे नाव वाटते. गाव आधीच घोड्यांचे होते. त्याच्या देवीला गावाचे नाव मिळाले.

दुसरा दावा नदीचा. पुणे जिल्ह्यातही एक घोडेगाव आहे. ते आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि चक्क घोड नदीच्या काठी. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, घोडेगाव काठावर राहिले. तिथे नदीवरून गाव, हे उत्तर कोणीही देईल. पण नदीचे नाव ‘घोड’ आहे, ‘घोडे’ नाही. त्याच नदीवरच्या शिरूरला लोक घोडनदी म्हणतात, घोडेनदी नव्हे. नदीवरून नाव पडले असते तर घोडगाव झाले असते. शिवाय नेवाशाचे घोडेगाव घोड नदीच्या खोऱ्यात नाहीच. या तालुक्याच्या नद्या म्हणजे मुळा, प्रवरा आणि गोदावरी. म्हणून नदीचा दावा मी दोन्हीकडे नाकारतो.

नुसता ‘घोड’ ही मराठीत वेगळीच चीज आहे. घोडचूक म्हणजे घोड्याची चूक नव्हे, मोठी चूक. घोडनवरीतही घोडा नाही, वाढलेले वय आहे. बाजीप्रभूंनी १६६० मध्ये लढवली ती घोडखिंड, ठाण्याजवळचे घोडबंदर, सैन्यातले घोडदळ, सगळीकडे मात्रा नाही. या शब्दांत ‘घोड’ प्रकार सांगतो, उपयोग सांगतो, आकार सांगतो. दावणीला उभी, मोजता येणारी जनावरे सांगायची तर ‘घोडे’ लागते.

यावर आक्षेप येईल तो घोडेस्वाराचा. स्वार एक, घोडा एक, तरी मात्रा आहे, आणि घोडस्वार असेही चालते. आक्षेप खरा आहे. बोलीतल्या शब्दांत मात्रा सैल असते. पण गावाचे नाव एकदा रुळले की सहसा तसे हलत नाही. आंबेगावला आंबगाव कोणी म्हणत नाही.

आडनावाचाही दावा आहे. ‘घोडे’ हे आडनाव महाराष्ट्रात आहेच. पण आडनावावरून सहसा वाडी होते: शिंदेवाडी, मोरेवाडी, काळेवाडी. गावावरून उलट आडनाव निघते, घोडेगावकर.

आणखी गंमत म्हणजे घोडा हा शब्दच मराठीचा घरचा नसावा. वेदातला अश्व आपल्या रोजच्या बोलीत उरला नाही. आपण धरला तो संस्कृतात उशिरा दिसणारा ‘घोटक’. त्याचे मूळ अनेक भाषाभ्यासक द्राविडी भाषांत शोधतात, कन्नडच्या ‘कुदुरे’ आणि तमिळच्या ‘कुदिरै’शी नाते जोडतात. तसे असेल तर घोडेगावच्या नावात दक्षिणेचा शब्द उत्तरेच्या वाटेवर उभा आहे.

ती वाटच मला निर्णायक वाटते. १४९० मध्ये स्वतंत्र होऊन निजामशाही उभी करणाऱ्या मलिक अहमदने अहमदनगर वसवले, ते जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर जागा पाहून. दौलताबाद त्याला हवे होते आणि १४९९ मध्ये ते मिळालेही. पुढे निजामशाहीच्याच मलिक अंबरने दौलताबादजवळ खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली. निजामशाहीचे बळ घोडदळात होते आणि नगर-दौलताबाद ही त्या बळाची रोजची वाट. घोडेगाव त्याच वाटेवर आहे. घोडे थांबायचे, पाणी प्यायचे, बदलले जायचे, तो मुक्काम हाच असणार.

घोडेबाजारावरून नाव पडले, असे मला वाटत नाही. सारंगखेड्याला आणि नांदेडच्या माळेगावला घोड्यांचे प्रसिद्ध बाजार भरतात, पण त्यांच्या नावात घोडा नाही. बाजार आठवड्यातून किंवा वर्षातून एकदा भरतो. नाव पडते रोज दिसणाऱ्या गोष्टीवरून.

याच पट्ट्यात लोक सांगतात की मोहिनीच्या अमृतवाटपात राहूचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. नेवाशाच्या मोहिनीराजाशी ही कथा जोडलेली आहे. घोडेगावला अशी कथा लागत नाही. त्याचा पुरावा त्याच्या नावातच, एका मात्रेत आहे.

घोडेगाव आणि आसपासच्या वाचकांना एक विनंती. शेतांची, ओढ्यांची, विहिरींची जुनी नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. पागा, तबेला, चराई यांची खूण असलेले एखादे नाव त्यांत सापडले, तर या गावाची कुळकथा पुरी होईल. आणि नाव लिहिताना ‘डे’वरची मात्रा विसरू नका.