कायद्यापुढे सारे समान : मराठवाड्याच्या इतिहासातील एक धडा



स्वातंत्र्यदिनी व प्रजासत्ताकदिनी राष्ट्रध्वज देशभर फडकतो. आपल्या केजमध्ये, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, तो १७ सप्टेंबरलाही फडकतो. हा १७ सप्टेंबरचा ध्वज कशाचा, असे मुलाने विचारले की आपल्यापैकी कित्येक पालक अडखळतात. त्या दिवसांच्या आठवणी घरोघरी निरनिराळ्या आहेत. काही घरांत त्या आनंदाच्या आहेत, काही घरांत त्यांचा उच्चारही होत नाही. परंतु जो समाज आपला इतिहास मुलांना सांगत नाही, त्याच्या मुलांना तो दुसरा कोणी तरी आपल्या सोयीने सांगतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीचे जे चांगले, ते चांगलेच म्हटले पाहिजे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दूसारख्या देशी भाषेतून उच्च शिक्षण सुरू झाले. १९२१ साली न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश मुलखातही तेव्हा ही सुधारणा पुरती झाली नव्हती. परंतु हे सारे फर्मानाने मिळालेले होते. फर्मान आणि हक्क यांतील फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. फर्मानाने मिळालेली गोष्ट फर्मानानेच काढून घेता येते. हक्क हा रयतेच्या मालकीचा असतो.

असे हक्क रयतेला नव्हते. सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. त्यासाठीचे ‘गश्ती क्रमांक ५३’ हे परिपत्रक जुन्या पिढीच्या चांगलेच लक्षात होते. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्यात जबाबदार राज्यपद्धतीचा विचार पुढे आला. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. हा धर्माचा झगडा होता असे समजणे चूक आहे. राज्यकर्ता मुसलमान होता, परंतु गरीब मुसलमान विणकराला किंवा शिपायाला सरकार बदलण्याचा अधिकार शेजारच्या हिंदू शेतकऱ्याइतकाच नव्हता.

हे स्पष्टपणे ओळखणारे मुसलमानही होते. शोएबुल्ला खान हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. हैदराबादेतून निघणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे ते तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि राज्य लोकांचे असावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. त्या वेळी लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांचा जुलूम चालू होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना शोएबुल्ला खान यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि लिहिणारा हात तोडण्यात आला. सत्ता आपल्या धर्माच्या माणसाची असताना दुसऱ्याच्या हक्कासाठी त्यांनी प्राण दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत पारडे फिरले. रझाकारांच्या गुन्ह्यांचा सूड ज्यांचा त्या गुन्ह्यांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर घेतला गेला. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. मृतांचा आकडा २७,००० ते ४०,००० असावा, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर व नांदेड जिल्ह्यांत झाली. त्याखालोखालच्या जिल्ह्यांत आपल्या बीडचे नाव आहे. हा अहवाल अनेक दशके बंदिस्त राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. मात्र त्याच अहवालात आणखीही एक नोंद आहे : अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले.

वाचकहो, जुन्या जखमा उकरण्यासाठी हे लिहिलेले नाही. कायद्याचे राज्य नसले की आज एकाचा बळी जातो आणि उद्या दुसऱ्याचा, हे एकाच वर्षात आपल्या भूमीने दोनदा पाहिले. म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या राज्यघटनेचे मोल मराठवाड्याच्या माणसाला अधिक कळायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या या घटनेचे १४ वे कलम कायद्यापुढील समानता देते, आणि ती केवळ नागरिकाला नव्हे, तर कोणत्याही व्यक्तीला देते. १५ वे कलम धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. आपल्यासारख्या संस्था कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर या हक्कावर उभ्या आहेत.

परंतु समानता घराबाहेर मागायची आणि उंबरठ्याच्या आत नाकारायची, हे इन्साफाला धरून नाही. तलाक दिला असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. त्यास सबळ कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न व्हायला हवा आणि हे सारे सिद्ध व्हायला हवे, असा निर्णय २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबादेत दिला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरवला. या दोन्ही प्रकरणांत सामान्य घरांतील स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली होती. मुलीची शाळा मध्येच सोडवणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा. जिला अर्ज लिहिता येत नाही, तिचा हक्क कागदावरच राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी एवढेच सांगणे आहे. घटनेचा मराठी अनुवाद वाचा, निदान मूलभूत हक्कांचे प्रकरण तरी वाचा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे मोहल्ल्यात सांगा. सरकारी कार्यालयातील माहिती मागण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने तुम्हांला दिला आहे, तो वापरायला शिका. आणि अन्याय आपल्यावर होवो वा शेजाऱ्यावर, तोंड उघडताना माणूस कोणत्या धर्माचा हे पाहू नका. शोएबुल्ला खान यांनी ते पाहिले नाही. १९४८ साली शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्यांनीही पाहिले नाही. येत्या १७ सप्टेंबरला मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला या दोघांची गोष्ट सांगावी.